प्लाझ्मावरचा फेटा

लोहाऱ्याच्या बसस्टँडवर वर्षाराणीनं मोबाइल नुसता हातात धरला होता. कान मागच्या बाकावर होते. तिथं धुळाप्पा आणि बानूबाई हे म्हातारं जोडपं नवा टीव्ही घ्यायचा की नाही यावरून हुज्जत घालत होतं.

“अवं, आपला प्लाझ्मा टीव्ही चांगला चालायलाय की. एवढं झ्याक चित्र गावात कुणाकडं न्हाय.”

“चित्र झ्याक हाय, पर त्यात मी बी हाय ना!”

“मग कुणी सांगितलं होतं? पोरीच्या लग्नाची सीडी लावली, अन् सोत्ताचं तोंड आलं की तिथंच थांबवली.”

“फेट्यात लई रुबाबदार दिसत होतो. पाव्हण्यांनी बघावं म्हनलं.”

“तीन दिवस?”

“पाव्हणे तीन दिवस येतच होते की! दुकानदारानं बजावलं होतं, एकच चित्र लई वेळ ठेवू नका, पडद्यावर कायमचा छाप उमटंल. पर शहाणपणाचं ऐकंल तो धुळाप्पा कसला! आता बातम्या लावल्या की मंत्र्याच्या गालावर माझ्या मिशा. मालिकेतल्या नव्या नवरीलाबी मिशा!”

“मला सवय झाली.”

“चल, दुकानात बघून तर येऊ. नव्या टीव्हीवर असला छाप पडत न्हाय म्हणं.”

“म्हणूनच नको.”

“का गं?”

“आरशात बघा जरा. तुमच्या काळ्या मिशा आता त्या पडद्यावरच राहिल्यात.”

वर्षाराणीनं हळूच मागं वळून पाहिलं, तर धुळाप्पा पांढऱ्या मिशांवरून हात फिरवत होता.

“चल मग घरी. पर बातम्या नको लावू. त्या मंत्र्याला फुकट देखणा करायलोय मी.”