कोन पोरगी गाऊन राहिली?

(कामठा, २०१३. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशीची दुपार. राजदीप डीजेच्या कॉम्प्युटरपाशी बसलेला, त्याचे वडील खेमराज दारात. गळ्याच्या ऑपरेशननंतर खेमराजचा आवाज नुसता फुसफुसत निघतो.)

खेमराज : त्या इंग्रजी म्युझिकचं नाव नोको सांगू मले. एवढंच सांग, काल मिरवणुकीत गाऊन राहिली होती, कोन होती ते पोरगी?

राजदीप : पोरगी नाही बाबा. तुम्हीच होते.

खेमराज : टेकचंद माया खांद्यावर हात टाकून इचारते, खेमराज, कोन पोरगी गाऊन राहिली, बहुत गोड आवाज हाये. पंधरा वर्सं माया गायन पार्टीत ढोलकी वाजवली त्यानं. त्याले नाही समजलं. काय सांगाव मी त्याले?

राजदीप : हॅपी हार्डकोर आहे ना ते. त्यात असंच राहते. गाणं मिनिटाले एकशेसत्तर ठोक्याच्या स्पीडवर न्या लागते, मंग आवाज आपोआप बारीक होते. फॉरेनमंधी पब्लिक उड्या मारते याच्यावर.

खेमराज : फॉरेनवाल्यायनं आपल्या बापाचा आवाज घ्यावा अन माराव्या उड्या. माया काऊन घेतला?

राजदीप : दुसऱ्यात घेतला असता त अजून भडकले असते तुम्ही. गॅबर म्हणून एक असते. त्यात किक, म्हणजे ढोलाचा ठोका, एवढी फाडतेत का बॉक्स थरथरते. आवाज जसाच्या तसा ठेवता येते, पण एकच ओळ. तेच घडी घडी वाजवाचं.

खेमराज : एकच ओळ? महाडापासून दीक्षाभूमीपर्यंत सात कडवे लिवले मी. पोपट करतं का माया?

राजदीप : म्हणूनच नाही ना केलं. स्पीडकोर त त्याच्याहून बेकार. तीनशेच्या वर जाते. धानाच्या थ्रेशरपाशी उभं राहून गायल्यासारखं, अर्धे शब्द सापडत नाहीत. हॅपी हार्डकोरमंधी आवाज वर राहते. चाल राहते. सातही कडवे बसले. लोकं नाचले का नाही?

खेमराज : नाचले. तुयी मायबी नाचली. हेच गानं भरलं तवा टेप तिनं धरला होता हातात, नव्यान्नव साली. तिलेबी नाही ओळखू आलं.

राजदीप : आईले मी सांगनार होतो.

खेमराज : डाक्टरनं गळा कापला तवा मी म्हनलं, जाऊ दे, कॅसेट त हाये. तू तेबी कापली.

राजदीप : कॅसेट चांगली आहे. मूळ गाणं कॉम्प्युटरमंधीबी आहे. हात नाही लावला त्याले.

खेमराज : मंग तेच काऊन नाही लावलं? दहा मिनिटं बाप गायला असता त तुये डब्बे फुटले असते का? लाज वाटते माई?

राजदीप : लाज कायची?

खेमराज : मंग बोल ना. तुया गळ्याचं त ऑपरेशन नाही झालं.

राजदीप : ऐकवत नाही मले. झालं समाधान? दोन महिने झाले, बसून राहिलो यावर. मूळ लावलं का पहिल्याच आलापाले बंद करतो. गॅबरमंधी करून पाह्यलं, त्यात तुम्ही होते. स्पीडकोरमंधी टाकलं, तिथंबी मंधातून तुम्हीच. याच्यातच तेवढे नव्हते. म्हणून हे केलं.

खेमराज : अन मले ऐकवते असं वाटते तुले? तुले ऐकवत नाही म्हनून अख्ख्या गावानं ऐकू नाही?

राजदीप : आता काय करू? डिलीट मारू का हे?

खेमराज : ठेव तुयं ते. नाचनारे नाचतीन. पयले मूळ लाव.

राजदीप : हेडफोन देऊ?

खेमराज : मोठ्या डब्ब्यावर. टेकचंदच्या घरापर्यंत आवाज गेला पाह्यजे.

राजदीप : लावतो.

खेमराज : अन बस इथंच. रडाचं असन त रड. पन मंधात बंद नोको करू.