कवडी कापूस

मंडळी, या सभेत शिकलेसवरले लोक बसले हायेत. मी अकोल्याकडचा कास्तकार. इथं उभं राहून मले बोलनं सुचून नाई राहिलं. पन मास्तर गेले, आन् त्यायच्या नावावर एक डाग राहिला. तो माह्यामुळं लागला. तो पुसल्याबिगर मले घरी जाता येत नाई.

मास्तर अमरावतीच्या कालेजात रसायन शिकवत. एकदा माह्या वावरात आले, कापसाचा धागा चिमटीत धरला. म्हने, "गणपतराव, याच्या आत साखळ्या आहेत. एकेकीला हजारो कड्या." आज्या-पंज्यापासून आमी कापूस पेरून राहिलो. कोनी सांगतलं होतं का हे आमाले? मी त्या धाग्याकडं पाहतच राहिलो.

निळ्या दवेत कापूस इरघळवाचा, तो रस बारीक नळीतून सोडाचा, उतराले किती वेळ लागते ते मास्तर घड्याळात पाहेत. रस जितका दाट, साखळी तितकी लांब. डोयाले न दिसनारी चीज हा मानूस मोजत होता, मंडळी.

त्यायनं मले तिन्ही वेचन्यायचा कापूस मागतला. जसा असन तसा. शेवटची वेचनी म्हनजे कवडी. किडकी, पिवळी, पान्यात भिजलेली. आता मास्तराले कवडी कशी द्यावी? पाहुन्याले कोनी करपलेली भाकर वाढते का? मी तिन्ही पुड्यायत पहिल्या वेचनीचा पांढराशुभ्र कापूस भरला. मोठ्या मानानं धाडला.

मास्तरायनं नागपुरात निबंध वाचला, का कवडीचीबी साखळी तुटत नाई. मंग मुंबईच्या प्रयोगशाळेवाल्यायनं खरी कवडी मोजली. उलटं निघालं. लोक हासले. कालेजात मास्तरायले मिळनारी वरची जागा गेली.

हे कानावर आलं तसा मी गाडीनं बडनेऱ्याले उतरलो, तिथून पायीच अमरावतीले त्यायच्या घरी गेलो. सारं सांगतलं. वाटलं, आता हाकलतीन. त्यायनं एवढंच इचारलं, यंदाची कवडी झाडावर हाये का. दुसऱ्या दिवशी माह्या वावरात वाकून त्यायनं सोता वेचली. पुन्हा मोजली. साखळी तुटलेली निघाली. आपली चूक झाली, असं सोताच्या सहीनं छापून देल्लं. माहं नाव कुठंच नाई. मी हात जोडले, म्हटलं, माहं नाव लिवा. तर म्हने, "तपासायचं काम माझं होतं. तुम्ही तर मला चांगलं तेच दिलंत."

असा मानूस मी दुसरा पाहिला नाई.

कालेजात अजून म्हनतात, मास्तर मोजाले चुकले. नाई, मंडळी. जो कापूस देल्ला, तो त्यायनं बरोबर मोजला. कापूस खोटा होता. देनारा मी, गणपत. लिवून घ्या कोनीतरी.

आता उभे राहा. मास्तरायसाठी घडीभर कोनी बोलू नका.