हनोईतली फोडणी

हनोई किती सुंदर आहे, ते मला सांगू नका. मी ते सहाव्या मजल्याच्या खिडकीतून बघून आलेय.

कोविड नुकता सुरू झाला होता. मी नवऱ्याला म्हटलं, "मिलिंद, ट्रिप कॅन्सल करू या." तर म्हणे, "यल्ला, चल, बॅग भर! दुबईत बसून तरी काय करायचंय?"

आम्ही पोचलो आणि दुसऱ्याच दिवशी तिथली सगळी रेस्टॉरंट्स बंद. साहेब खूश! बॅगेतून इलेक्ट्रिक कढई काढली, पोहे काढले, सुक्या मिरच्यांची पुडी काढली.

"अरे, इथली खिडकी उघडत नाही. फोडणी नको."

"अगं, दोन मिनिटांचं काम."

मिरच्या तेलात पडल्या आणि असा ठसका लागला की आम्ही दोघं खोकत खोकत पॅसेजमध्ये. समोर हॉटेलची मुलगी टॉवेल घेऊन उभी. तीही खोकली आणि टॉवेल टाकून पळाली. त्या दिवसांत खोकला म्हणजे काय, आठवतंय ना?

थोड्या वेळाने डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या सूटमधले दोघं दारात. मिलिंद त्यांना कढई दाखवतोय, "नो कोरोना, सर! ओन्ली फोडणी!"

त्यांनी आमच्या नाकात काड्या घातल्या आणि सांगितलं, रिपोर्ट येईपर्यंत खोलीबाहेर पडायचं नाही. रिपोर्ट कधी येणार? तर आमच्या परतीच्या फ्लाइटच्या दिवशी.

दार बंद झालं. मी डोक्याला हात लावून पलंगावर बसले. आणि हा माणूस कढईत डोकावून मला विचारतो, "अगं, लिंबू आणलंयस ना?"