वाम माशाचं अंथरूण

आमच्या आबांच्या, म्हंजी माझ्या सासऱ्यांच्या डोक्यात वाम मासा पाळायचं खूळ शिरलं. बारामतीवरनं काचेची टाकी आणली, तळाला रंगीत खडे टाकले. पण वाम तळात घुसून बसणारा मासा. दुसऱ्या दिवशी बघितलं तर त्याचं तोंड खरचटलेलं. आबांना घास गोड लागंना.

मग त्यांनी बारीक वाळू चाळली, धुतली, परातीत घेतली आणि तिच्यावर गाल टेकवून डोळं मिटून पडले. नेमकं तवाच माझ्या नणंदेला बघायला शेळगावचं पाव्हणं दारात.

"आबा, बरं वाटत न्हाय का?" पाव्हण्यांनी इचारलं.

"मला काय झालंय? माशाचं अंथरूण टोचतंय का बघतोय. लेक द्यायच्या आधी घर बघतोच की आपण."

पाव्हणं हसलं. वाळू टाकीत गेली, तसा मासा तिच्यात गडप.

"आबा, टाकी तर रिकामीच दिसतीय."

"आत हाय. सुखात हाय, म्हणून दिसत न्हाय."

सोयरीक जमली, लगीनबी झालं. आता नणंद आठ-आठ दिवस फोन करत न्हाय. सासूबाई काळजीनं आबांच्या मागं लागतात, जाऊन बघून तरी या म्हणून.

आबा चहा फुंकत म्हणतात, "कशाला? वाळू बारीक लागलीय तिला."