बसूनं थांबवलेला सर्व्हर

बसू, चहा घे निवांत, पण आज काही थांबवून आला न्हाईस न्हवं?

हसू नका रे. मी आणि हा बसू, आमी दोघं घरूनच एका बँकेच्या मेनफ्रेमवरचे, म्हंजे थोरल्या कॉम्प्युटरवरचे, लिनक्स सर्व्हर सांभाळतो. एका सकाळी यानं सर्व्हर रीस्टार्ट केला. स्क्रीनवर ओळी भराभरा पळायला लागल्या, म्हणून नीट वाचायला यानं एंटर दाबून स्क्रीन थांबवली. त्या मशीनची रीतच अशी, की कुणी बटण दाबून स्क्रीनवरच्या ओळी पुसेपर्यंत लिनक्सबी तितंच अडकून बसतं. आणि हा गडी फोन चार्जिंगला लावून खाली चहाला!

बँक उघडायची वेळ झाली, तरी सर्व्हर बंदच. आमी सगळे कॉलवर, साहेबसुद्धा. कुणी म्हणे डिस्क गेली, कुणी म्हणे नेटवर्क. याची स्क्रीन कुणालाच दिसेना. चहा अर्धा सोडायचं पाप आमच्या दुधनी गावचा माणूस करत न्हाय, त्यामुळं हा आला सावकाश. स्क्रीन पुसायचं बटण दाबलं, आणि सर्व्हर चालू!

साहेबांनी विचारलं, “बसवराज, प्रॉब्लेम काय होता?”

“काय न्हाय सर, मशीन नुसतं माझी वाट बघत होतं.”

साहेब म्हणाले, “मग आम्ही काय करत होतो, बसवराज?”