जाड कागदाचा फॉर्म

३ फेब्रुवारी, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटे. नेत्रतपासणीच्या प्रतीक्षागृहात आठ माणसे होती. एका डोळ्याला पट्टी बांधलेल्या निवृत्त फोरमनसमोर एक बुकबाइंडर म्हातारी औषधाचे थेंब घातलेले डोळे मिटून बसली होती. तिच्या एका बाजूला मुलगा होता, दुसऱ्या बाजूला मुलगी.

"आई, इथे सही कर. ऑपरेशनचा फॉर्म आहे. लवकर, नंबर येईल."

"दादा, हे तर तिच्या खोलीचं हक्कसोडपत्र!" मुलगी कुजबुजली.

"हळू बोल. डोळे मिटलेत तिचे, कान नाही."

"बायबलातलं इब्री शास्त्र सांगतं, आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नको."

"ते तुझ्या रविवारच्या वर्गात शिकव. मी काय धोंडा ठेवलाय?"

"विधवेला छळू नको, असंही आहे त्यात."

"छळतोय कुठे? माझ्याकडेच राहील ना. जिन्याखाली जागा काढलीय."

"जिन्याखाली? गंज चढतो म्हणून तू तिथे सायकलसुद्धा ठेवत नाहीस!"

फोरमनला बसवेना, तो उगाच पट्टी चाचपू लागला.

"काय चाललंय रे तुमचं?" म्हातारीने विचारले.

"काही नाही गं आई. हिचं नेहमीचं प्रवचन. कर सही."

म्हातारीने कागद चिमटीत धरून चोळला.

"चाळीस वर्षं पुस्तकं बांधली मी. दवाखान्याचा फॉर्म इतका जाड नसतो. हा मुद्रांकाचा कागद आहे. पोरी, वाच गं. मोठ्याने वाच."

मुलीने शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.

"आई, तुझ्या भल्यासाठीच…"

"पेनाला टोपण लाव."

फोरमनला आत बोलावले, तेव्हा अकरा वाजले होते. कागदावरच्या सह्या: शून्य.