पाच घरांची एक कढई

मंडळी, ऐका. एक विचारते, खरं सांगा. महागाई आली की घरातलं आधी काय कमी करावं? साखर? चहा? की पाहुणा? — हसू नका, तुमच्याच घरी जेवलेय मी.

माझ्या लहानपणी आमच्या आळीत वेणूकाकू होत्या. दिवाळी तोंडावर आणि शेंगतेल कडाडलेलं. गुंडाप्पा वाण्याकडे सुटं तेल महाग, अख्खा डबा घेतला तर स्वस्त. म्हणून पाच बायकांनी मिळून डबा आणला. वाटायला बसल्या वेणूकाकू. आळीचा नियम असा, जी वाटेल तिनं शेवटचा वाटा घ्यायचा. म्हणजे माप कसं सरळ राहतं!

पण काकूंचा हात सैल. प्रत्येकीला माप काठोकाठ, वर "असू दे गं" म्हणत पळीभर जास्त. शेवटी डबा उपडा केला, तर काकूंना वाटीभर तेल. आणि उद्या जावई पहिल्या दिवाळसणाला येणार!

काकूंच्या सासूबाई म्हणाल्या, "जावयाला चकलीचं चित्र काढून वाढ."

काकूंनी दिलेलं परत मागायचं कोणत्या तोंडानं?

दुपारी शेजारच्या राधाक्का सोऱ्या मागायला आल्या. आळीत सोऱ्या एकच. त्यांची नजर गेली तेलाच्या बरणीकडे.

"वेणू, बरणी रिकामी कशी?"

"घासायला काढलीय."

"तळाशी तेल ठेवून घासतेस?"

राधाक्का तशाच परत गेल्या. थोड्या वेळानं चौघी दारात — पीठ घेऊन, तेल घेऊन.

"वेणू, तुझी कढई मोठी. सगळ्यांचं इथंच तळू."

"अगं, पण—"

"पण काय? पाच घरी पाच कढया भरायच्या, आणि पाचही कढयांत तळणीचं तेल उरवायचं. ते काय अंगाला चोळायचं?"

बसल्या की पाचही जणी! एक मळतेय, एक पाडतेय, एक तळतेय, आणि सासूबाई चव बघतायत — सगळ्याच घाण्यांची. संध्याकाळी चकल्यांचा ढीग, आणि प्रत्येकीच्या बरणीत तेल उरलेलं. पहिलं ताट मारुतीला. त्यानं विचारलं का, तेल कुणाचं?

दुसऱ्या दिवशी जावई म्हणाले, "चकली फर्मास. तुमच्या हातची?"

"छे हो," काकू म्हणाल्या, "आळीच्या हातची."

तर मंडळी, काय कमी करावं? कढया! आज प्रत्येकाच्या घरी तेलाचा डबा आहे, पण शेजारणीचं नाव ठाऊक आहे का? या दिवाळीला तिचं दार वाजवा. आणि मलाही बोलवा, चकली चावण्यापुरते दात अजून आहेत. चला, टाळी द्या, आणि सगळ्यांच्या घासात जो असतो, त्या देवाचं नाव घ्या.